पिराजीची लेक आणि साळवे सिस्टरचे नियम

एका गावात एक भोळा गवंडी होता. नाव पिराजी. किती भोळा म्हणाल? मालक एकदा म्हणाला, "मी येईपर्यंत हा ओळंबा सोडू नकोस." आणि मालक गेला पाहुण्यांकडे साखरपुड्याला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर पिराजी ओळंबा धरून उभा आणि ओळंब्याच्या दोरीवर चिमणी बसलेली.

अशा माणसालाही देव बायको देतो. हसू नका, तुम्हालाही दिलीच की!

बायको मंगल बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर तालुक्याच्या गावी. तिथल्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. पिराजी धावत पोचला. लेक बघितली आणि त्याचं तोंड जे उघडलं, ते मिटेचना. कधी एकदा तिला घट्ट धरतो, असं त्याला झालं.

पण सासूबाई, म्हणजे तान्हाबाई, जावयाला ओळखून होत्या.

"जावईबापू, पोर धरा. पण एक जरी घोळ केलात, तर बारशापर्यंत लेकीला बोट लावू देणार नाही. सांगून ठेवते."

"नाही करणार घोळ," पिराजी म्हणाला. "जसं सांगाल तसंच वागतो."

तीच तर पंचाईत होती.

बाळंतिणींच्या वॉर्डात साळवे सिस्टरचं राज्य. त्यांनी पहिला नियम सांगितला, "पिराजीभाऊ, इथे बाळ कुणाच्याही हातात द्यायचं नाही. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र असेल तरच द्यायचं."

"कळलं," पिराजी म्हणाला.

जरा वेळानं मंगलला जाग आली. "अहो, द्या हो तिला. भूक लागली असेल."

पिराजीनं बायकोचा गळा बघितला. मंगळसूत्र होतं. ओळखपत्र नव्हतं.

"नाही देता येत."

"अहो, मी आई आहे तिची!"

"असाल. पण ओळखपत्र?"

पोरीनं भोकाड पसरलं. मंगलनंही पसरलं. साळवे सिस्टर पळत आल्या.

"अहो, आईला कसलं ओळखपत्र मागता! आईच्या हातात ही पट्टी, बाळाच्या पायात ही पट्टी. दोन्हींवरचा नंबर जुळला की द्यायचं. पट्टी नसेल, नंबर जुळत नसेल, तर बाहेरचा रस्ता दाखवायचा."

"असं आधी सांगायचं ना," पिराजी म्हणाला.

तेवढ्यात तान्हाबाईंनी शेजारच्या पोराच्या हाती मंगलसाठी डबा पाठवला. गरम अळिवाची खीर. पिराजीनं डबा वर बघितला, खाली बघितला, झाकण उघडून आत बघितलं. पट्टी नाही, नंबर नाही. त्यानं डबा गेटबाहेर नेऊन ठेवला. तिथे एक काळं कुत्रं होतं. त्यानं नंबर वगैरे काही विचारलं नाही.

तान्हाबाई आल्या तेव्हा कुत्रं मिश्या चाटत होतं.

"अहो जावईबापू, डब्याला कुठं पट्टी असते का? अन्नाचा घोळ म्हणून सोडते, पोरीचा असता तर बघितलं असतं! कुणी हातात काही दिलं, तर नको म्हणायचं नाही. हसून दोन्ही हातांनी घ्यायचं आणि मंगलच्या उशाशी नीट झाकून ठेवायचं. कळलं?"

"कळलं."

दुपारी शेजारच्या खाटेवरची आजी आली. तिच्या हातात तिचा नातू.

"बाबा, जरा धरतोस का? तोंड धुऊन येते."

पिराजी हसला. दोन्ही हातांनी नातू घेतला. मंगलच्या उशाशी ठेवला आणि दुपट्यानं नीट झाकला. मग सासूबाईंना खूश करायला त्यांच्यासाठी चहा आणायला गेला.

आजी तोंड पुसत आली. "माझा नातू कुठाय? अगं बाई, माझा नातू!"

बाळ दिसेना की आधी गेट लावायचं, हा तिथला नियम. वॉचमन गायकवाडनं धाडकन गेट लावलं. कुणाला आत सोडेना, कुणाला बाहेर सोडेना. डॉक्टर बाहेर अडकले. पिराजीचा चहा गेटावरच निवला.

इकडे मंगल जागी झाली. एका अंगाला एक बाळ, उशाशी एक. ती किंचाळली, "आई गं, मला जुळं झालं, आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

पट्ट्यांचे नंबर जुळवले, नातू आजीकडे गेला, गेट उघडलं. आणि तान्हाबाईंनी बोट उगारलं, "झालं! आता बारशापर्यंत तुम्ही लांबच."

पिराजीचा चेहरा एवढासा झाला. निवलेला चहा त्यानं स्वतःच पिऊन टाकला.

घरी जायच्या दिवशी साळवे सिस्टरना त्याची दया आली. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "पिराजीभाऊ, हिरमुसू नका. लांबून का होईना, लेकीवर लक्ष ठेवा. तिचा रंग बदलला, अंग गार लागलं, हलेना, रडेना, तर कुणाला विचारत बसायचं नाही. उचलायचं आणि तडक माझ्याकडे आणायचं."

पिराजीनं ते मनात घोकून ठेवलं. सासुरवाडीतच राहून रोज लांबून बघायचा. पोरगी गुलाबी होती, पाय झाडत होती, रडून गल्ली उठवत होती. सगळं ठीक.

बाराव्या दिवशी बारसं. आता बारशाची रीत बायकांना ठाऊक. बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालायचं, कुंकू लावायचं, दुपट्यात गुंडाळायचं. मग "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचं. बाळ दगडासारखं ठणठणीत व्हावं म्हणून. पुरुषमाणसं तेव्हा अंगणात पेढे खात बसलेली. त्यांना काय कळतंय!

बायकांनी वरवंटा फिरवला, पाळण्यात ठेवला आणि बाळाला नवं अंगडं चढवायला सगळ्या माजघरात गेल्या. तान्हाबाईंना दारात पिराजी दिसला. केविलवाणा, मान लांब करून उभा. त्यांचं मन पाघळलं.

"या, जावईबापू. आम्ही येईपर्यंत पाळण्याला झोका द्या."

पिराजीला आभाळ ठेंगणं झालं. पळत आला. हळूच दुपटं सारलं.

रंग काळा! गालाला हात लावला, तर गार! हलवून बघितलं, हलेना. रडेना.

त्यानं कुणाला विचारलं नाही. उचललं, उराशी घट्ट धरलं आणि सुटला. पायात चप्पल नाही, डोळ्यांत पाणी. गल्ली ओलांडली, बाजार ओलांडला, दवाखान्यात शिरला.

"सिस्टर! वाचवा हो माझ्या लेकीला!"

साळवे सिस्टर सगळं टाकून धावल्या. गाठोडं हातात घेताच खाली वाकल्या.

"अगं बाई, वजन तर भलतंच वाढलंय!"

त्यांनी टोपडं वर केलं. मग पिराजीकडे बघितलं. मग पुन्हा टोपड्यात बघितलं.

"पिराजीभाऊ, हा वरवंटा आहे."

पिराजीनं डोळे पुसले. वाकून नीट बघितलं. खरंच वरवंटा होता. मग तो घसा फाडून ओरडला,

"गायकवाड, गेट लावा! बाळ बदललं! गावातलं घर न् घर शोधा. ज्या घरात पाटा आहे आणि वरवंटा नाही, त्याच घरात माझी लेक आहे!"

आणि गंमत बघा, पठ्ठ्या अगदी बरोबर बोलत होता.