हळदुलीचं बी

फार पूर्वी, कापडाला रंग फुलापानांतूनच मिळायचा त्या काळी, एका खोऱ्यात हिरोजी नावाचा एक रंगारी राहत होता. हाताला कसब होतं, पण स्वभाव मुलखाचा संशयी. दोरीवर कापड वाळत घातलं की दोरीच्या गाठी तो नीट ध्यानात ठेवायचा आणि परत आल्यावर त्या तशाच आहेत का बघायचा. बायकोने आमटीत मीठ जास्त घातलं, तरी त्याला वाटायचं, हिला कुणीतरी शिकवलं असणार.

खोऱ्यात ओढ्याकाठी हळदुली नावाचं रानफूल उगवायचं. कमरेएवढी रोपं, कार्तिकात पिवळी फुलं. पण त्या फुलांचा रंग फिका उतरायचा. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मोठा सडा होता, म्हणजे दूरवर पसरलेला उघडा कातळ आणि त्यावर जेमतेम चार बोटं माती. हळदुली तिथेही यायची. ती मात्र वीतभर उंच आणि श्रावणातच फुलणारी. तिचा रंग इतका पक्का की लुगडं विरलं तरी पिवळेपणा जायचा नाही.

ही सड्यावरची फुलं ठकूबाई आणून द्यायची. ती वर म्हशी राखायची. नवरा वारलेला, चिमा नावाची एक लेक, तिचं लग्न खोऱ्यातल्या एका गवळ्याच्या घरी ठरलेलं. दर श्रावणात ठकूबाई टोपलीभर फुलं आणायची आणि बदल्यात रंगवलेलं कापड न्यायची.

हिरोजीच्या मनात आलं, कातळावर बिचाऱ्या रोपाला खायलाच मिळत नाही, म्हणून ते बुटकं राहतं. ओढ्याकाठच्या गाळात लावलं तर कमरेएवढं होईल, फुलंही तितकीच जास्त देईल. मग या बाईची वाट बघायला नको. त्याने बी मागितलं. ठकूबाईने काही न विचारता ओंजळभर दिलं. एवढंच म्हणाली की खाली ते कसं येईल सांगता येत नाही.

बी उगवलं, पण रोपं वीतभरच राहिली. गाळ होता, पाणी होतं, शेणखत होतं, तरी वीतभरच. श्रावणात फुलली आणि मुसळधार पावसात, खोऱ्यातल्या कोंदट ओलीत फुलं झाडावरच कुजली. हिरोजीने कपाळाला आठ्या घातल्या. बाईने निवडून निवडून खुरटं बी दिलं होतं तर.

पुढच्या साली तो स्वतः सड्यावर गेला आणि ठकूबाई म्हशींमागे गेलेली बघून स्वतःच्या हाताने बी गोळा केलं. तरी रोपं वीतभरच आली. मग त्याने दुसरा उपाय केला. भोपळ्याच्या वेलीवर बायका नरफूल मादीफुलाला टेकवतात, ते त्याने पाहिलं होतं. सड्यावरचं थोडं बी त्याने मुद्दाम उशिरा पेरलं, म्हणजे ते खोऱ्यातल्या हळदुलीबरोबर कार्तिकात फुललं. एकीचे पराग पिसाने उचलून त्याने दुसरीच्या फुलाला लावले आणि वरून फडकी बांधली. उंची एकीची आणि रंग दुसरीचा असं काहीतरी निघेल, असा त्याचा हिशेब.

महिन्याने फडकी सोडली. बी धरलं होतं, पण चिमटीत घेताच त्याचा भुगा झाला. सगळं पोचट. आतमध्ये काहीच नाही.

आता मात्र हिरोजीची खात्री पटली. बी आपल्या हाताने गोळा केलेलं, गाळ आपला, फडकी आपण बांधलेली. मग बिघडलं कुठे? त्याच संध्याकाळी तो पारावर गेला आणि चार माणसांत म्हणाला, “ठकूबाईने सड्यावरचं बी भारून ठेवलंय. दुसऱ्याच्या हाती फळूच नये म्हणून.”

पुरावा कुणी मागितला नाही. आठ दिवसांत गोष्ट घरोघर झाली. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचं पोर किरकिरत होतं, प्रत्येकाला कारण सापडलं. गवळ्याने चिमाचं लग्न मोडलं.

ठकूबाई दुसऱ्या दिवशी खाली आली. रडली नाही, भांडलीही नाही. पारासमोर उभी राहून म्हणाली, “हिरोजीदादा, तुमचं खोऱ्यातलं बी घेऊन वर या. माझ्या कातळावर पेरा. राखण तुम्हीच करा. मी त्या वाफ्याकडे फिरकणार नाही. माझा हात नसताना काय होतं ते बघा, आणि जे बघाल ते इथे येऊन सांगा.”

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. आषाढात हिरोजीने सड्यावर वाफा आखला, भोवती दगड रचले, खोऱ्यातलं बी मुठीने पेरलं आणि जवळच झोपडी घातली. रोज तो वाफ्याशी बसायचा. पाखरू उतरलं तरी उठून हाकलायचा. रोपं तर मोजूनच ठेवली होती. लांबून ठकूबाईचा म्हशींना हाकारण्याचा आवाज यायचा, पण ती कधी इकडे आली नाही.

बाईला पकडायला बसलेल्या माणसाला रोपांकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. रोपं भराभर वाढली. गुडघ्याच्या वर गेली, नुसती पानंच पानं. भादव्यात पाऊस ओसरला, ऊन पडलं आणि कातळ तव्यासारखा तापला. चार बोटं माती दोन दिवसांत कोरडी झाली. उंच रोपांनी माना टाकल्या. कळी धरायच्या आधीच ती वाळून गेली. पण त्या गर्दीत पाच रोपं जन्मतःच जरा ठेंगणी होती. ती घाईने फुलली, त्यांनी बी धरलं आणि मगच ती वाळली.

हिरोजी त्या पाच रोपांपुढे बराच वेळ बसून राहिला. उंच रोपांचं बी पडलंच नाही, म्हणजे पुढच्या साली इथे उगवणार ती या ठेंगण्यांचीच लेकरं. त्यातही जी आणखी बुटकी, आणखी घाईची, तीच टिकणार. असं आज्या-पणज्यांच्याही आधीपासून चालत आलं असेल, तर बुटकेपणा आता बीमध्येच मुरला. मग सड्यावरच्या हळदुलीला कितीही गाळ घाला, ती वीतभरच राहणार. आणि एक फुलते श्रावणात, दुसरी कार्तिकात. त्यांची गाठ कधी पडलीच नाही. दोन्ही वेगळ्या होत होत इतक्या दूर गेल्या की आता जुळवलं तरी बी पोचटच निघतं.

कुणी काही भारलं नव्हतं. हे त्याला त्याच दिवशी कळलं.

खाली जाऊन तसं सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण त्याच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली. एका साली झालं ते योगायोगाने झालं असेल तर? आपला डोळा लागला तेव्हा ती येऊन गेली असेल तर? त्याने त्या पाच रोपांचं बी पुडीत बांधलं, खाली उतरला आणि पारावर एवढंच म्हणाला की अजून एक साल बघावं लागेल. लोकांनी माना डोलावल्या, आणि त्याचा अर्थ त्यांनी आपल्या मनासारखा घेतला.

दुसऱ्या आषाढात त्याने पुडीतलं बी पेरलं. या खेपेला ठेंगणी रोपं ढीगभर आली आणि बहुतेकांनी बी धरलं. आता शंकेला जागाच उरली नाही. हिरोजी पारावर गेला आणि सगळं खरंखरं सांगितलं, आपण चुकलो हेही सांगितलं. मग तो तसाच सडा चढून ठकूबाईच्या झोपडीशी गेला.

ती धारेची भांडी घासत होती. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिने हातातलं काम न थांबवता ऐकलं. मग विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं?”

“याच साली” म्हणणं सोपं होतं. पण तिच्यापुढे त्याला खोटं बोलवेना.

“मागच्या भादव्यात,” तो म्हणाला.

ठकूबाईचे हात थांबले. “चिमाला आम्ही माघात दिली,” ती म्हणाली. “घाटापलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. बिजवर आहे, तिच्या बापाच्या वयाचा. खोऱ्यातलं कुणी करून घेईना. तुम्ही भादव्यात बोलला असता, तर गवळी परत येणार होता. त्याने तसा निरोपही धाडला होता, की पारावर नुसतं खरं खोटं होऊ दे.”

ठकूबाईने भांडं उचललं आणि ती म्हशींकडे गेली. त्यानंतर तिने खोऱ्यात कधी फुलं आणली नाहीत.

या गोष्टीचं तात्पर्य: जेवढ्या पुराव्यावर दुसऱ्यावर आळ घेतला, त्याहून जास्त पुरावा तो मागे घेण्यासाठी मागू नये. तोवर ज्याच्यावर आळ आहे त्याचं आयुष्य थांबून राहत नाही.