एका कानावरचा हेडफोन

"मग यातलं कुठलं घेऊ, सर?" ओजसने पुन्हा विचारलं.

थोरात सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सकाळपासून त्यांचे गिटारचे क्लास चालू होते आणि आमचा शेवटचा होता.

मी भिंतीपाशी बसून माझ्या गिटारच्या तारा फडक्याने पुसत होते. तारा स्वच्छच होत्या. पण दुसरे दोघे बोलत असताना आपण कुठे बघायचं, हे मला कधीच कळत नाही.

ओजस अकरावीत आहे. आमच्यात सगळ्यात चांगला तोच वाजवतो आणि ते त्याला माहीत आहे. घरी आवाज न करता इलेक्ट्रिक गिटार वाजवायला काय काय घेता येईल, ते सगळं त्याने सरांपुढे मांडलं. हेडफोन लावता येतो असा छोटा अ‍ॅम्प घेतला, तर तो पुढे कार्यक्रमाच्या सरावालाही चालेल. मोबाइलला जोडायची डबी घेतली, तर हवे तितके आवाज मिळतात, पण तार छेडल्यावर आवाज कणभर उशिरा येतो. बिनवायरच्या हेडफोनचंही तेच. मित्राकडून आणलेला, थेट गिटारमध्ये खुपसायचा अंगठ्याएवढा अ‍ॅम्प तो आठवडाभर वापरत होता. सगळ्यात स्वस्त तोच. पण त्यातून आवाज बाहेर जातो, असं त्याचं म्हणणं.

"बाहेर जातो?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"जातच असणार. आईला झोप लागत नाही."

मग त्याचा आवाज खाली आला. त्याची आई दवाखान्यात नर्स आहे. सध्या तिला रात्रपाळी आहे. सकाळी येते, स्वयंपाक करते आणि दुपारी झोपते. घर एका खोलीचं, आणि ओजसचा सरावही दुपारीच. परवा ड्यूटीवर ती उभ्या उभ्या पेंगली आणि पेशंटची खाट धरली म्हणून पडता पडता वाचली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की रविवारी मामा येणार आहे, तो गिटार घेऊन जाईल.

"ओरडली असती तर बरं झालं असतं," ओजस म्हणाला.

सरांनी डोळे उघडले.

"तुझ्याजवळ आहे ते लाव. वाजव."

"पण सर, तेच तर..."

"वाजव."

त्याने तो छोटा अ‍ॅम्प गिटारला लावला, हेडफोन दोन्ही कानांवर ओढला आणि डोळे मिटले.

खोलीत आम्हाला फक्त कोरड्या तारा ऐकू येत होत्या. किणकिण, आणि तारा छेडायच्या प्लेक्ट्रमची टिकटिक. हेडफोनमध्ये मात्र काहीतरी मोठं चाललं असावं, कारण तो हळूहळू गुणगुणायला लागला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, त्यामुळे सूर भलतीकडेच चालला होता. मी फडकं तोंडावर धरलं. सर हसले नाहीत.

मग त्याची टाच पडायला लागली.

आमचा क्लास लाकडी माडीवर भरतो. खाली हमीदचाचांचं शिलाईचं दुकान आहे. म्हणून चपला जिन्याखाली काढायच्या आणि बसताना पाय सतरंजीवर ठेवायचे, असा सरांचा नियम आहे. ओजसची टाच सतरंजी सोडून फळीवर पडत होती. धप्... धप्... गाणं जोरात गेलं तशी टाचही जोरात गेली. सरांचा चहाचा कप बशीत वाजायला लागला.

खालून ठक ठक झालं.

हमीदचाचा कापड मोजायच्या पट्टीने छताला ठोकतात. तो आवाज आला की आम्ही सगळे, सर काही बोलायच्या आत, पाय वर घेतो. मीही घेतला.

"सर," खालून चाचा म्हणाले, "सुईत दोरा घालू द्या की. डोळे तर आधीच गेलेत."

ओजस वाजवतच होता. त्याचा चेहरा इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. कोणी त्याला थांबवू नये, असंही मला वाटलं. सरांनाही वाटलं असावं, कारण ते लगेच उठले नाहीत.

मग उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी ओजसच्या एका कानावरचा हेडफोन उचलला.

ठक ठक.

ओजसने डोळे उघडले. फळीकडे बघितलं.

"माझ्यासाठी?"

"दुसरं कोण वाजवत होतं इथं?"

"पण सर, मी तर हेडफोन..."

तो मध्येच थांबला.

"घरी कशावर बसतोस?"

"ट्रंकेवर. पत्र्याची आहे."

"ती कुठे असते?"

"आईच्या उशाशी."

"आणि टाच?"

ओजस स्वतःच्या टाचेकडे असा बघत राहिला, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे.

"आठवडाभर ती काहीच बोलली नाही, सर," तो शेवटी म्हणाला.

"बोलली असेल."

...

खाली चाचांचा दोरा सुईत गेला असावा. मशीन सुरू झालं.

सरांनी ओजसकडून गिटार घेतली. सतरंजीवर मांडी घालून बसले. अ‍ॅम्पचा आवाज कमी केला आणि हेडफोन एकाच कानावर ठेवला. दुसरा कान उघडा. मग ते वाजवायला लागले.

मला काहीच ऐकू येईना. त्यांची बोटं चालताना दिसत होती, बस. मशीन थांबलं, की सरांची बोटंही थांबायची. मशीन चाललं, की ती पुन्हा चालायची. चाचांनी शिवण झपाझप मारली तेव्हा सरही धावले. हे ओजसने बघितलं की नाही, मला माहीत नाही. तो खाली मान घालून बसला होता.

सरांनी गिटार परत दिली आणि पुन्हा खुर्चीत टेकले. खूप थकलेले दिसत होते.

"नवीन काही घेऊ नकोस," ते म्हणाले. "मित्राला विचार, तो हाच देतो का. हेडफोन वायरचा साधाच चालेल. आणि ती ट्रंक सोड."

ओजसने मान हलवली. गिटार पिशवीत घातली. चेन ओढताना तो थांबला.

"टाच उचलून ठेवली तर माझा ताल सुटतो, सर. ताल कशावर धरू?"

सरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, त्यांना झोप लागली...

"आई झोपली," ते म्हणाले, "की तिचा श्वास ऐकलायस कधी?"