सोनकीची घोरपड आणि रागीट परी

करवंदांच्या डोंगराखाली एक बाग होती. बागेत पिवळाधमक झेंडू होता, लालचुटूक जास्वंद होती, आणि निळ्यानिळ्या गोकर्णी कुंपणावर चढून डुलत होत्या. इतक्या देखण्या बागेत इतकी दुष्ट माणसं राहायची, याचा मला आजही संताप येतो. ती माणसं म्हणजे रंगोजीकाका आणि त्यांची बायको यमुनाकाकू. त्यांच्याकडे सोनकी नावाची एक इवलीशी पुतणी होती. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. ती उजाडल्यापासून झाडांना पाणी घालायची, कोंबड्यांचं खुराडं झाडायची, आणि जेवायला तिला शिळ्या भाकरीचा तुकडा मिळायचा. जरा उशीर झाला की काकू तिची वेणी धरून तिला फरफटत न्यायची. केवढीशी ती पिटुकली वेणी, आणि केवढा तो काकूचा हात. लाज कशी वाटत नसे कोण जाणे.

एके दिवशी काकांनी बांधावरच्या बिळातून एक घोरपड ओढून काढली, तीसुद्धा शेपटी धरून. भ्यालेली घोरपड बिळात अंग फुगवून घट्ट बसते, म्हणून त्यांनी कुदळीने तिचं घरच फोडलं. त्यांना तिला दोरी बांधून जत्रेत मिरवायचं होतं. पण घोरपड पडली लाजाळू. कुणी जवळ गेलं की ती फुसफुसायची आणि शेपटीचा सपकन फटका द्यायची. काका काठीने डिवचायचे, ती आणखी फुगायची. शेवटी वैतागून त्यांनी तिला वेताच्या डालग्याखाली भर उन्हात कोंडलं. जत्रेपर्यंत हिला माणसाळव, नाहीतर हिला घोरपडीचं तेल काढणाऱ्याला देऊन टाकतो, असं त्यांनी सोनकीला बजावलं. तेल काढणारा काय करतो ते सोनकीला ठाऊक होतं. तिथे गेलेली घोरपड परत येत नसे.

सोनकीचे कान रागाने तापले. पण आधी तिने डालग्यावर ओलं पोतं टाकलं, करवंटीत गार पाणी भरून आत सरकवलं आणि काठी उचलून दूर कुंपणापलीकडे भिरकावली.

तेवढ्यात जास्वंदीचं एक फूल थरथरलं. त्यातून करंगळीएवढी परी बाहेर आली. तिचे केशरी पंख चमचमत होते, झग्यावर दवाचे थेंब लुकलुकत होते, पण नाकाचा चिमुकला शेंडा रागाने लाललाल झाला होता. ती त्या बिळाची शेजारीण होती.

"पोतं टाकताना पाहिलं मी तुला," परी म्हणाली. "तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम ऐक. घोरपडीने आपणहून तुझ्या तळहाताला जीभ लावली, तरच मागायचं. तिला धरायचं नाही, ओढायचं नाही. तिच्याजवळ रागाचा एक शब्द काढलास तर सगळं पहिल्यापासून. आणि तिच्यासाठी जे मागशील, ते तुलाही लागू होईल."

"पण मला तर फार राग आलाय, परीताई. तो कुठे ठेवू?"

"टाकून देऊ नकोस, खरा आहे तो. ओढ्यावर जा आणि ओढ्याला सांग."

मग सोनकी रोज ओढ्यावर जायची. पाय आपटायची, काकांना, काकूला मनसोक्त बोल लावायची. ओढा सगळं ऐकून घेत खळाळत राहायचा. मन निवलं की ती परत यायची, डालगं उचलून बाजूला ठेवायची आणि तळहात जमिनीवर टेकवून गप्प बसायची. तिचं बीळ फुटलेलं, म्हणून घोरपड लगेच झेंडूच्या वाफ्यात दडायची आणि अंधार पडला की आपणच डालग्याखाली परतायची. सोनकी हलायची नाही. हळूहळू पानांतून एक टपोरा डोळा दिसू लागला, मग नाकपुडी, मग दुभंगलेली लांबलचक जीभ. एकदा तर ती अगदी हाताशी आली होती. नेमके काका आले, तिला पाहून खदाखदा हसले, आणि सोनकी त्यांच्यावर ओरडली. झालं. घोरपड सळ्ळकन वाफ्यात. सगळं पहिल्यापासून.

जत्रेची सकाळ उजाडली. सोनकीचा हात जमिनीवर होता. घोरपड एकेक पाऊल टाकत येत होती. तिकडून काका दोरी घेऊन आले, मागून तेलवाला पोतं झटकत आला, आणि पाणी अजून घातलं नाही म्हणून काकू किंचाळू लागली. ओढ्याला सांगायचे सगळे बोल सोनकीच्या जिभेवर आले. पण तिने ओठ घट्ट मिटले आणि हात तसाच ठेवला.

घोरपड थांबली. मग पुढे झाली, आणि तिची गारगार जीभ सोनकीच्या तळहाताला लागली.

"हिच्या मनाविरुद्ध हिला कुणालाही हात लावता येऊ नये," सोनकी हळूच म्हणाली.

काकांनी शेपटीवर झडप घातली. हात हवेतच अडला. त्यांनी जोर लावला, घाम फुटला, पण हात पुढे जाईना. तेलवाला पोतं टाकून पळाला. काकू तरातरा आली आणि तिने सोनकीच्या वेणीला हात घातला. तोही हात तसाच अडला, वेणीपासून बोटभर अंतरावर. काकूने दुसरा हात उगारला, तोही अडला. मला त्या दोघांची मुळीच कीव आली नाही, आणि तुम्हीही करू नका.

सोनकी उठली. फ्रॉकची माती झटकून तिने काकूकडे सरळ पाहिलं.

"काकू, मला भूक लागलीय. ताजी भाकरी वाढा."

काकूने हात हळूच खाली घेतला. भाकरी थापायला मात्र तो सहज वळला.

जास्वंदीवर परी पहिल्यांदाच हसली. तिच्या नाकाचा लाल रंग उतरला. मग तिच्याभोवती केशरी, सोनेरी, रुपेरी उजेड पसरला, बागेतलं पान न् पान लखलखलं, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

घोरपड बांधावर गेली, तिने नवं बीळ उकरलं. ती आता रोज सकाळी आपणहून येते आणि सोनकीच्या पायाशी ऊन खात पडते. सोनकी तिला कधी बांधत नाही. आणि सोनकीची वेणी आता चांगली कमरेपर्यंत वाढलीय.