दांडीवरची जागा

चंपावती नगरीवर राजा वीरकेतूचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व कोंबड्याच्या जन्माला आले होते. राजवाड्यात नव्हे हो, वेशीबाहेरच्या कुंभारवाड्यात, भद्राक्का नावाच्या एकट्या कुंभारणीच्या अंगणात. रंग राखाडी, तुरा एका अंगाला कललेला, आवाज भारदस्त. कोंबड्या त्यांना आबा म्हणत.

अंगणात जुन्या कोंबड्या अकरा. त्यांत कवडी सगळ्यांत वरचढ. दाणे टाकले की पहिली चोच तिची, धुळीतली उबदार जागा तिची, आणि खुराड्यातल्या दांडीवर आबांच्या शेजारची जागाही तिचीच. तिच्या मानेवर बोटभर जागी पीस कधी उगवलं नव्हतं. ती नवी आली होती तेव्हा त्या वेळच्या म्हाताऱ्या कोंबड्यांनी टोचून टोचून ते उपटलं होतं. आता तुम्ही म्हणाल, अशा कोंबडीला तरी नव्यांची दया यावी. पण सुनेचे दिवस सरून कवडी आता सासू झाली होती, आणि सासूला आपलं सूनपण आठवतं कुठं?

कुंभारवाड्याची एक रीत होती. दर पुनवेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, राजाच्या मुदपाकखान्याचा माणूस पाटी घेऊन दारोदार फिरे. दांडीवर बसलेल्या पाखराला तो हात लावत नसे, कारण ते घरचं. जे कळपाबाहेर एकटं बसलेलं सापडेल ते उपरं, ते पाटीत. कुणी घातली ही रीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळत सगळे.

त्या साली या अकरांखेरीजच्या पिवळी नावाच्या कोंबडीनं नऊ पिल्लं काढली आणि आठव्याच दिवशी मुंगसानं तिला नेलं. भद्राक्कानं पिल्लं चुलीजवळ बांबूच्या डालग्याखाली ठेवली, कण्या भिजवून घातल्या, वारूळ खणून वाळवी आणली, थंडी वाढली तसं डालग्यावर आपलं लुगडं टाकलं. दोन महिन्यांत ती ना धड पिल्लं ना धड कोंबड्या अशी उंच, अर्धवट पिसांची झाली आणि डालग्यात मावेनात. पाटीवाला यायला सहा दिवस उरले होते. तोवर ती कळपात मिसळली नाहीत तर पाटी त्यांच्यासाठीच येणार, हे भद्राक्काला दिसत होतं.

भद्राक्काला मूलबाळ नव्हतं. सून घरात आणायची हौस राहूनच गेली होती. तिनं नऊही जणींच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि "या गं बायांनो, आपल्या घरी या," म्हणत त्यांना अंगणात सोडलं.

इथंच सगळा घोळ झाला. लाल काही दिसलं की कोंबडीची चोच गप्प राहत नाही. कवडी पहिली धावली, मागून बाकीच्या दहा. पिल्लं चुलीच्या घराकडे पळाली, पण सगळ्यांत धाकटी चिमी कोपऱ्यात सापडली. तिचं कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना, आणि जितकं रक्त आलं तितक्या चोची वाढल्या. आबा मध्ये घुसले आणि पंख पसरून उभे राहिले, तेव्हा कुठं ती जिवंत राहिली.

"अगं अवदसांनो!" भद्राक्का ओरडली. "ओवाळून आणली ती तुमच्या चोचीखाली द्यायला?" तिनं पिल्लांवर आणखी मोठं डालगं पालथं घातलं, या वेळी अंगणातच, आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली.

"कवडे," आबा म्हणाले, "त्यांनी तुझं काय घेतलं?"

"अजून नाही घेतलं. घेतील. दांडी बघितलीत का? बारा जणांत पाय हलवायला जागा नाही. या नऊ जणी कुठं बसवता, माझ्या डोक्यावर?"

"जागेचं बघू."

"बघा तुम्ही. पाटीवाला आला की आपोआप होईल जागा."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कडू लागलं, पण तिनं ते गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ठेवायला भद्राक्कानं डालगं उचललं तर आबा सरळ आत जाऊन बसले. "अरे म्हाताऱ्या, तुझं काय काम आत?" म्हणत तिनं ओढून पाहिलं. ते हलेनात. मग तिनं नाद सोडला.

आता कोंबड्यांची पंचाईत झाली. दाणा दिसला की आबा कुकुक करून बोलावणार आणि मग सगळ्यांनी खायचं, असा त्यांचा शिरस्ता. ती हाक आता डालग्यातून यायला लागली. खायचं तर डालग्याला खेटूनच खावं लागे. आतून पिल्लं, बाहेरून कोंबड्या, मध्ये बांबूची वीण. पहिल्या दिवशी कवडीनं फटीतून चोची मारल्या. बांबूच लागला. दुसऱ्या दिवशी ती नुसती गुरगुरली. तिसऱ्या दिवशी कंटाळली. चौथ्या दिवशी एकाच फटीत पडलेला दाणा आतून चिमीनं उचलला, आणि कवडी दुसरा शोधायला लागली.

पाचव्या दिवशी आबा बाहेर आले ते पिल्लांना घेऊन थेट मडकी भाजायच्या आव्याकडे गेले. तिथं कोमट राखेचा ढीग होता. आबा राखेत लोळले, पिल्लं लोळली. राखेचं न्हाणं कोणत्या कोंबडीला आवडत नाही? कवडीही आली, बाकीच्याही आल्या. बाहेर पडल्या तेव्हा कुंकू नाही, जखम नाही, एकवीसच्या एकवीस पाखरं एका रंगाची. कवडी टोचायला लाल शोधत राहिली. भद्राक्कानं कपाळावर हात मारला. "मेलं कुंकू मी लावलं, आणि शिव्या यांना दिल्या!"

मग पाटीचा दिवस आला. दिवेलागणीला आबांनी पिल्लं दांडीवर चढवली. कोंबड्या कुरकुरत सरकल्या आणि दाटीवाटीनं आठ मावली. चिमी तेवढी खाली राहून वर बघत होती. आबा आपल्या जागेवरून उतरले, तिला तिथं चढवलं आणि बाहेर जाऊन अंगणातल्या एका तडकलेल्या माठावर बसले.

"आबा, वर या! तो येतोय!"

"जागा भरली गं, कवडे."

चिमी थरथरत कवडीच्या मानेला चिकटली, नेमकी जिथं पीस नव्हतं तिथं. तेवढ्यात पाटीवाला अंगणात आला.

"अहो, तो नव्हे!" भद्राक्का आडवी आली. "तो घरचा कर्ता आहे!"

"आक्का, रीत मी नाही घातली. एकटा बसलाय ना?" तो वाकला.

कवडीनं आपल्या जागेकडे पाहिलं. पाच वर्षं टोचून टोचून मिळवलेली जागा. एकदा खाली आलं की तिथं दुसरी कुणीतरी बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ती उतरली. माठापाशी जाऊन आबांना खेटून बसली. मागून चिमी धडपडत आली, मग बाकीची पिल्लं, मग एकेक करत सगळ्या जणी. दांडी रिकामी झाली.

"आता दाखवा, यात एकटं कोण?" भद्राक्का म्हणाली.

पाटीवाल्यानं पाटी काखोटीला मारली. "एकटा तर मीच दिसतोय," असं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भद्राक्कानं खुराड्यात आणखी एक दांडी बांधली. एवढंच करायचं होतं, पण आधी कुणाला सुचलं नव्हतं.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षुणीविहाराच्या भोजनशाळेत सांगितली. तिथल्या ज्येष्ठ भिक्षुणी थेरी वसंता यांनी नव्यानं आलेल्या नऊ जणींना 'पंगत भरली' म्हणून दाराबाहेर बसवलं होतं. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची भद्राक्का म्हणजे इथं भात वाढणारी उपासिका सुलसा. नऊ पिल्लं म्हणजे दाराबाहेरच्या या नऊ जणी. राखाडी कोंबडा मी होतो. आणि कवडी..."

वसंताथेरींचा हात मानेवर गेला होता. त्या उठल्या, आपलं भिक्षापात्र उचललं आणि दाराबाहेर, सगळ्यांत धाकटीच्या शेजारी जाऊन बसल्या.

"कवडी ही," शास्ते म्हणाले. "आणि ती आत्ता जे करते आहे, त्याला मैत्री म्हणतात."