आठला वाढवतात, सर!

विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला जागा चाळीस, अर्ज नऊशे. त्यातून मुलाखतीला डॉ. नाडगौडा समोर बसले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. कराडच्या शलाका तांबटच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे, हे अर्जात वाचून त्यांनी विचारलं, "किती वाजता बंद होतं?"

"आठला वाढवतात, सर." दुकान 'बंद' म्हणणं अशुभ, हे तिच्या जिभेला लहानपणापासून ठाऊक.

नाडगौडा खो खो हसले. "बंद करण्याला वाढवणं म्हणणारी मुलगी जगाशी काय व्यापार करणार? अगं, दुबई, नैरोबी, सिंगापूर, तीन देशांत मी धंदा वाढवलाय!"

"अरे वा! आता तिथं कसं चाललंय, सर?"

सर चष्मा पुसू लागले. "त्या शाखा... तिन्ही बंद केल्या."

"मग सर, तुम्ही आमचीच भाषा बोललात की!"

तांबटाच्या पोरीचा ठोका बरोबर बसला. नाडगौडा डोळ्यांत पाणी येईतो हसले. यादीत पहिलं नाव शलाकाचं लिहून ते शिपायाला म्हणाले, "बाकीच्यांना उद्या बोलवा. आजचं दुकान वाढवलं!"