कोल्ह्याच्या पाठीवरचा पोपट

फार जुनी नाही, मागच्याच निवडणुकीतली गोष्ट. रानाच्या सभेसाठी कोल्हा उभा होता, समोर हरणी. मतदारांचा कौल घ्यायला पोपट निघाला, तो कोल्ह्याच्याच पाठीवर बसून. सशांच्या बिळाशी त्याने विचारलं, "मत कुणाला?"

कोल्हा आला तर पिल्लं उरणार नाहीत, हे म्हाताऱ्या सशांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "कोल्हेदादांनाच." घाबरले, त्यात नवल नाही, समोर दात होते.

पोपटाने रानभर सांगितलं, "ससेसुद्धा कोल्ह्याकडेच."

मतदानाला निघताना त्याच सशांतला एक म्हातारा म्हणाला, "सूनबाई, हरणी पडतेय. सगळे कोल्ह्यालाच देतायत. आपलं मत वाया कशाला घालवायचं?"

पिल्लांना पोटाशी घेत सून म्हणाली, "मामंजी, ते सगळे म्हणजे तुम्हीच आहात."