मशीनची खडखड

फार जुनी गोष्ट नाही. वस्तू अजून बोलत होत्या, माणसांनी ऐकणं मात्र नुकतंच सोडलं होतं. तेव्हा एक वॉशिंग मशीन भंगारात येऊन पडलं. दुपारी ट्रक सगळ्यांना भट्टीकडे नेणार होता.

"मला अजून कपडे धुता येतात," मशीन म्हणालं.

"गप बस," शेजारचा ड्रायर खेकसला. "इथे आपण सगळे नुसतं लोखंड."

तेवढ्यात जुनी यंत्रं दुरुस्त करणारी झुलेखाताई आली. तिने वायर जोडून बटण दाबलं, तसं मशीन खडखडलं.

"म्हातारं झालंय ते, ताई," भंगारवाला हसला. "घरच्यांनी वर्षभर हा आवाज सोसला."

"वर्षभर सोसला, आणि खालचं झाकण एकदाही उघडलं नाही?" चिडून ताईने झाकण फिरवलं. आतून केसांची एक पिन निघाली. पुन्हा बटण दाबताच मशीन गुणगुणत फिरू लागलं.

"वर्षभर हेच तर ओरडून सांगितलं!" ते म्हणालं.

फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. ड्रायर हळूच म्हणाला, "ताई, माझंही झाकण बघता?"

ताईने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि फाटकाकडे ओरडली, "थांबा हो! अजून सगळ्यांचं ऐकून झालेलं नाही."